तेबानोच्या घरचं माप

तेबानोची होडी उत्तर तारावा बेटावर शर्यतीत कुणाकडूनही हरली नाही, आणि तिचं माप त्याच्या घराबाहेर कुणालाही कळलं नाही. तो सांगत नसे असं मात्र नव्हे. मागितलेलं नाकारायचं म्हणजे आमच्याकडे नाक कापून घेण्यासारखं. मग ते तांदूळ असोत, सायकल असो की विद्या. कुणी घरापुढच्या माच्यावर येऊन बसला, माडी प्याला आणि हळूच होडीवर आला, की तेबानो त्याला सगळं सांगे. फळ्या किती हात, डोलकाठी कुठे, होडी उलटू नये म्हणून बाजूला तरंगणारी उलांडी किती लांब बांधायची. त्यात एकच माप वाकडं असे. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असे. तो आभार मानून घरी जाई आणि काय वाकडं आहे ते शोधत बसे. यात कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. घराची विद्या घरात राहते आणि मागणाऱ्याचा मानही राहतो.

मारेवे ही तेबानोची नात. चर्चच्या मदतीवर ती लहान वयात फिजीला, सुवाच्या शाळेत गेली आणि तिथे गणितात सगळ्यांच्या पुढे निघून गेली. सुट्टीला आली की आजोबांबरोबर होडी बांधायची. चार वर्षांच्या सुट्ट्यांत दोघांनी एक अख्खी होडी उभी केली. आजोबा माप सांगायचे, ती सुंभाच्या दोरीनं धरून खूण करायची.

शाळा संपली तेव्हा तिथल्या शिक्षकांनी तिच्या डोक्यात अमेरिका घातली. तिकडे इंजिनिअरिंगला नुसते गुण बघत नाहीत, म्हणाले, हातानं काय केलंय ते विचारतात. मारेवेनं तीन कॉलेजांना अर्ज केले. सुवाचे गुण तिकडच्यांना उमगेनात, म्हणून त्यांची निराळी परीक्षाही दिली. दोन कॉलेजांनी गोड बोलून वाटेला लावलं. तिसरं उत्तरेकडे कुठल्याशा मोठ्या तळ्याकाठी होतं. तिथे निवड झाली तर सगळा खर्च त्यांचा. नाही झाली तर बेटिओत मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. पोरगी हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे त्या गल्ल्याची तिला फार धास्ती वाटे.

तिसऱ्या कॉलेजनं विचारलं होतं, स्वतःच्या हातानं काय बांधलं आहेस? तिनं होडीबद्दल लिहिलं, मापांसकट. लिहिता लिहिता उलांडीचं अंतर एक हातभर कमी पडलं. ठरवून केलं नव्हतं. परक्याला सांगताना घरातल्या माणसाची जीभ जशी आपोआप वळते, तसा तिचा हात वळला. नंतर तिच्या ते लक्षातही राहिलं नाही.

मुलाखतीला ती बैरिकीला बिनाओमावशीच्या कचेरीत गेली, कारण तिथलं इंटरनेट मधेच मान टाकत नाही. मावशीनं तिचे केस विंचरून दिले आणि बजावलं, "नीट बोल. तिकडे अजून कालचाच दिवस चालू आहे, म्हणजे तू त्यांच्या एक दिवस पुढे आहेस. घाबरायचं कशाला?"

पडद्यावर पिकल्या मिशांचे एक प्राध्यापक होते. स्वतः शिडाच्या होड्या चालवणारे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी एक कागद वर धरला. तिच्या मापांवरून त्यांनी होडी काढली होती.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण उलांडी इतकी जवळ असेल तर पहिल्याच वाऱ्याला ही होडी उलटेल. मारेवे, ही तू खरंच बांधली आहेस?"

मारेवे पेचात पडली. चूक झाली म्हणावं, तर होडी बांधणारीला साधं अंतर कळत नाही असं ठरणार. खरं माप सांगावं, तर आजोबांनी जन्मभर राखलेलं एका वाक्यात परक्याच्या हाती जाणार.  शेवटी ती म्हणाली की मला घरी एकाला विचारावं लागेल. प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. पण दोन दिवसांनी पुन्हा बोलू म्हणाले, त्यानंतर मात्र त्यांना कॉलेजला आपलं मत कळवावं लागणार होतं.

बस धरून, बुओटाचा पूल ओलांडून ती घरी आली तेव्हा तेबानो माडावरून खाली उतरत होता. तिनं सगळं सांगितलं. म्हातारा आधी हसत सुटला.

"वाकडं सांगायला तुला मी कधी शिकवलं नव्हतं," तो म्हणाला. त्याला नातीचं खरोखर कौतुक वाटत होतं.

"हसू नका आजोबा. माझं कॉलेज जातंय."

"त्या माणसानं आपल्या हातानं चित्र काढलं? आणि बरोब्बर उलांडीवरच बोट ठेवलं?"

"हो."

तेबानोनं माडीची करवंटी खाली ठेवली. "मग तो कामाचा माणूस आहे. त्यानं तुझं वाकडं दोन-चार दिवसांत शोधलं. तुला माझं चार वर्षांत सापडलं नाही."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती दोरी घेऊन होडीच्या छपराखाली गेली. ही होडी तिनं स्वतः बांधली होती, पण पुरी झाल्यावर कधी मोजली नव्हती. आजोबांनी सांगितलेलं कोण मोजून बघतं? उलांडी बरोबर होती. फळ्या बरोबर होत्या. डोलकाठीची बैठक मात्र त्यांनी सांगितली होती तिथे नव्हती. तिनं खूण केलेली जागा पाचरीनं बुजवलेली होती आणि तिच्या पुढे नवी खाच होती. ती सुवाला परत गेल्यावर म्हाताऱ्यानं गुपचूप कोरलेली.

तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. ती तशीच माच्यापाशी आली.

"मलासुद्धा वाकडंच सांगितलं?"

"बाकीचे ऐकून घरी जातात, अडलं तर पुन्हा माझ्याकडे येतात. तू उद्या अमेरिकेला जाशील, तिथे मी सांगायला नाही," तेबानो म्हणाला. "सांगितलेलं माणूस विसरतो. शोधलेलं विसरत नाही."

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र तिनं त्याच्या हातची माडी घेतली.

दुसऱ्या मुलाखतीत तिनं आडपडदा ठेवला नाही. होडी उलटेल हे तुमचं बरोबर आहे, म्हणाली. ते माप मी वाकडं सांगितलं, आमच्या घरी परक्याला असंच सांगतात, आणि खरं सांगायची मला मोकळीक नाही. मग तिनं परवाची गोष्ट सांगितली. आजोबांनी तिलाही फसवलं होतं, आणि दोरी घेऊन मोजल्यावर ते कसं उघडं पडलं.

प्राध्यापक पुढे वाकून ऐकत होते. "खाच पुढे का सरकवली असेल?" त्यांनी विचारलं. त्यावर दोघं खूप वेळ बोलत राहिले, वाऱ्याबद्दल आणि वजनाबद्दल. बिनाओमावशी दाराशी उभी होती. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पोरीचा आवाज बदललाय एवढं कळलं.

शेवटी त्यांनी विचारलंच, की मग डोलकाठी नेमकी कुठे असते? नाकारायचं नाही, ही घरची रीत. मारेवेनं गोड आवाजात त्यांना माप सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पेन थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"हे सरळ आहे का?"

"मोजून बघा, सर."

महिन्याभरानं निवड झाल्याचं कळलं. सगळा खर्च त्यांचा. मारेवे धावत पूल ओलांडून घरी आली आणि धापा टाकत आजोबांना सांगितलं. तेबानो सुंभ वळत बसला होता. कॉलेज कुठलं, किती लांब, थंडी किती, यातलं त्यानं काही विचारलं नाही.

"त्याला सापडलं का?"

"अजून शोधतायत."

"मग जा," तेबानो म्हणाला, आणि वळत असलेली दोरी तोडून तिच्या हातात दिली.