इथल्या बाळांचा तक्ता

सोनोग्राफीत बाळ लहान दिसतंय असं कळल्यापासून माझी झोप उडाली होती. सातवा महिना, आणि डोक्यात एकच: मूल नीट वाढत नसेल तर? शेजारची सुनीता बाळांची डॉक्टर. अमिरातीतल्या नवजात बाळांच्या वजनाचा नवा तक्ता बनवणाऱ्यांपैकी ती एक. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. एका पहाटे ती म्हणाली, "फुजैराला चाललेय, बाळांची वजनं घ्यायला. घरात बसून काळजी करण्यापेक्षा चल. यल्ला!"

आमच्या अल मजाज भागातून पहाटेच निघा, नाहीतर शारजाच्या जॅममध्येच दिवस जातो. धैदनंतर लाल वाळू लागते. उंट रस्त्याकडेला उभे, कुणालाच घाई नाही. मला तर वाटायला लागलं, आपली गाडी उभीच आहे आणि वाळू वाहतेय. मसाफीच्या बाजारात पेरू घेतले.

"सात दिरहॅम? म्हणजे जवळजवळ नव्वद रुपये!"

"रुपयांत मोजशील तर उपाशी मरशील," सुनीता म्हणाली.

पुढे निळसर डोंगर, आणि ते संपता संपता समुद्र.

हॉस्पिटलच्या वॉर्डात मला खुर्ची मिळाली. पडद्यातून गाळून आलेल्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ. मुठी मिटलेली बाळं काट्यावर येत होती, जात होती. एक ठेंगणी आई, तिचं इवलंसं बाळ.

"हे बारीक आहे ना गं?"

"परदेशी तक्त्याप्रमाणे बारीक. तो त्यांच्या उंच बायकांच्या बाळांवरून केलाय. याचे दिवस भरलेत, दूध मस्त ओढतंय. अशाच निरोगी बाळांवरून इथलं नॉर्मल ठरवायचंय."

मला एकदम हलकं वाटलं. "मग माझंही घेशील ना त्यात?"

"नाही गं. फक्त लोकल बाळं."

"इथेच जन्मणारे की."

"आईबाप मूळचे इथले लागतात."

वाईट वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतकं. परतताना शारजाच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा मी विचारलं, "मग आमचं बाळ कशाशी ताडून बघणार?"

"तुझ्याकडे बघून. आणि बाळाकडे."

त्या प्रवासातले पेरू, डोंगर आता पुसट झालेत. पुढचं मात्र लख्ख आठवतं. मुलगी झाली, दोन किलो सहाशेची. नर्सने तक्ता उघडला, तिचं बोट सगळ्यात खालच्या रेषेकडे गेलं.

"सिस्टर, ये चार्ट किधर का है?"

ती तक्ता उलटून बघू लागली. मी पोरीला जवळ घेतलं. ती अशी ओढून दूध प्यायला लागली की मला हसू फुटलं.