पदराआडचा फोन

साताऱ्यातल्या साडीच्या दुकानातला तो सेल्समन साडी स्वतःच्या अंगावर टाकूनच दाखवतो. मिशी चांगली जाड, पण पदर खांद्यावर आला की नव्या नवरीसारखी मान तिरपी करतो. "आवं आजी, काठ बगा काठ," हे प्रत्येक साडीला दोनदा. तरुणपणी मी अशा माणसांकडून चाळीस-चाळीस साड्या उलगडून घ्यायची आणि "रंग उडेलसा वाटतो," म्हणत ऐटीत उठायची. फार चोखंदळ समजत होते स्वतःला!

आता मालक घरी बसून कॅमेऱ्यात बघतो. हातात फोन दिसला की नोकरी गेली. मागच्या महिन्यात दुकानातल्या एका मुलीची तशी गेलीच. परवा मी गेले तेव्हा मात्र याचं काठाकडे लक्षच नव्हतं. खिशात फोन थरथरला तसा पुटपुटला, "आजी, लेक कवठ्याला दवाखान्यात हाय. पहिलटकरीण."

मी मोठ्यानं म्हटलं, "डोक्यावरनं पदर घेऊन दाखवा बघू. अजून खाली. हनुवटीपर्यंत!"

पोपटी पदराआडून "व्हय, व्हय" ऐकू आलं. पदर बाजूला झाला तेव्हा मिशी ओली होती.

"दोघीबी बऱ्या हायती," तो म्हणाला, आणि सवयीनं, "काठ बगा काठ."

एवढा पदर निरखून रिकाम्या हातानं उठले असते, तर मालकाला शंका आली असती. घेतली. पोपटी मला मुळीच शोभत नाही. घरी सूनबाई हसली, तर मी म्हटलं, "काठ बघ, काठ."