एक खातं, तिघं जण, सहा साइट

मंडळी, आज दुपारी लातूरच्या आमच्या ऑफिसात एका शाळेचं ॲप ऑनलाइन चढवायचं होतं. म्हणून आमचं कोड ठेवायचं खातं ॲप चालवणाऱ्या होस्टिंगच्या साइटला जोडायला घेतलं.

साइट सगळ्याच प्रोजेक्टची परवानगी मागू लागली. ॲप एक, मग परवानगी सगळ्याची कशाला? मला लई शंका आली. मी फक्त शाळेचा प्रोजेक्ट निवडला.

मग आधी कुणाकुणाला परवानगी दिलीय, ती यादी उघडली. सहा अनोळखी साइट, सगळ्यांना सगळं खुलं.

आपल्यात परकं कोण हाय, म्हणून मी, संगमेश अन् बालाजी, आम्ही तिघं ह्या खात्याला एकच पासवर्ड वापरतो. संगमेश म्हणाला, "म्या न्हाई दिली." बालाजीबी तेच म्हणाला. दोघं माझ्याकडं बघू लागले.

खरं सांगू? मी दिली का न्हाई, मलाच आठवत न्हाई.

तुमचा पासवर्ड किती जणांकडं हाय?