शेवटच्या पिचरचं कार्ड

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या गोदामात हरिदास आणि मी वर्षानुवर्षं एकाच बाकावर खोकी बांधली. माणूस महाहट्टी. रविवारी आमच्या टीमसाठी बोलिंग टाकायचा, आणि त्याचा पोरगा उदय बाउंड्रीवरून ओरडायचा, "बाबा, यॉर्कर!"

तो उदय नोकरीसाठी शिकागोला गेला आणि बापाला तिथून पोस्टकार्डं धाडू लागला. बेसबॉलच्या जुन्या, गाजलेल्या पिचरांच्या सन्मानार्थ काढलेली. पिचर म्हणजे तिकडचा बोलर. मला विचाराल तर बेसबॉल हा आपल्या विटीदांडूचा पैसेवाला मावसभाऊ! हरिदासही आधी कुरकुरला, "कोपर वाकवून टाकतात लेकाचे, आणि म्हणे महान!" पण मग पुरता नादावला. कोपरा दुमडला की संग्रहातून कार्ड बाद, असं उदयनं त्याला फोनवर सांगितलं होतं. झालं! कुणी कार्ड उचललं की हा खेकसायचा, "कोपरा सांभाळ!" कांतावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, तर हात लावायचीच बंदी.

संचातलं एकच कार्ड राहिलं होतं. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात तेही आलं. पत्ता उदयच्या अक्षरातला. मजकूर मात्र त्याच्या रूममेटनं लिहिलेला: उदय गाडीच्या अपघातात गेला, हे कार्ड त्याच्या टेबलावर पडलं होतं. मी शिकागोला फोन लावला. खरंच होतं.

हरिदास मानेचना. "विलास, तुला अक्कल आहे का? माझी आई गेली तेव्हा देशातून कार्ड आलं, ते कोपरा फाडून. असल्या बातमीचं कार्ड कुणी धड पाठवतं का? हे बघ, चारी कोपरे शाबूत. पत्ताही त्याच्याच हातचा."

"अरे, त्या अमेरिकन पोराला काय ठाऊक आपली रीत!" मी ओरडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

घरात दिवा लावला नाही, दहावं-तेरावं नाही. वहिनींना हुंदका फुटला की हा म्हणे, "जित्या पोरासाठी रडू नकोस, अभद्र!" बिचारी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. पोस्टमनची चाहूल लागली की हा दाराशी हजर. मला त्याचा संताप यायचा, आणि कीवही.

एका शनिवारी मी गेलो, तर हा ते कार्ड खिडकीशी धरून न्याहाळत बसलेला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"अगं, कोपरा सांभाळ!"

वहिनींनी कोपरा धरला आणि टर्रकन फाडला. कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आता वाचा," त्या म्हणाल्या.

त्यानं वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत. मग उठला, स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि सुतकाची आंघोळ करायला गेला.

तेव्हा कुठे वहिनींनी हंबरडा फोडला.