वळणावरची रेघ

शैलजाताई गायधनी यांची आणि माझी पहिली भेट नाशिक रोडच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये झाली. इंजिन सुरू होतं. ताईंच्या हातातला दिवा इंजिनच्या प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकत होता, आणि त्या उजेडात इंजिनचं समोरचं चाक अगदी थांबलेलं दिसत होतं. मी बोट पुढे केलं. ताईंनी मनगट धरलं.

"हात लावू नका. ते फिरतंय."

आज त्या साठ वर्षांच्या होत आहेत.

हरसूलपलीकडच्या आमच्या दवाखान्याच्या जुन्या जीपला ताईंनी स्वतः बनवलेला इंजिनचा संगणक बसवला. इंजिनच्या दातेरी चाकाचे दात सेन्सर टिपतो; त्या मोजणीवर संगणक ठिणगी सोडतो. जीप उत्तम चाले. घाटातल्या एकाच वळणावर, एकाच दगडापाशी मात्र बंद पडे. चालक सोमाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, आणि तिला नाशिकला न्यायला दुसरी गाडी नव्हती.

ताई स्वतः वळणावर आल्या. सोमा म्हणाला, "ताई, गाडी थांबत नाय. तिला थांबवत्यात."

ताई हसल्या नाहीत. त्याला आधी नारळ फोडू दिला, मग बॉनेट उघडून सेन्सरच्या तारेला, तिच्यातला इशारा पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र जोडलं.

"यात भूत दिसंल का?"

"चाक हललं की रेघ उठते. न हलता उठली, तर माझ्या वाटणीचं खोबरं त्याला."

दोष सापडला. वळणावर इंजिन कलून सेन्सरची तार ठिणगीच्या तारेला टेकत होती. संगणक नसलेले दात मोजत होता आणि गोंधळून ठिणगी बंद करत होता. ताईंनी तार बदलून दूर बांधली. जीप वळणावरून न थांबता वर गेली, खाली आली.

शेवटचं एकदा बघावं म्हणून त्यांनी दगडापाशी इंजिन बंद करायला लावलं. किल्ली सोमाच्या मुठीत होती. वारा नव्हता. पडद्यावर एक रेघ उठली.

ताईंनी चाकावर तळवा ठेवला. चाक थांबलेलंच होतं. रेघ पुन्हा उठली.

ताईंनी आपलं खोबरं दगडावर ठेवलं.

"कळलं का काय ते?" मी विचारलं.

"अजून नाही."

सोमाच्या बायकोचे दिवस भरेपर्यंत ताई दवाखान्यातच राहिल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा तिचा हात धरून जीपमध्ये मागे बसल्या. वळणावर जीप थांबली नाही. मुलगी नाशिकला जन्मली. आता त्याच जीपने शाळेत जाते.

ताई अजूनही यंत्र घेऊन तिथे जातात. आल्यावर मी विचारतो, त्या तेच उत्तर देतात. ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आम्हाला रोज त्या वळणावरून जायचं आहे, आणि तिथे थांबलेल्या चाकावर ज्यांनी हात ठेवून पाहिलं अशा त्या एकट्याच आहेत.