वायर उपटणाऱ्या मॅडम

वनजाक्षी हेब्बार यांनी बावीस वर्षं शिमोग्यात नद्यांची पातळी मोजणारे प्रोग्रॅम लिहिले आणि तपासले. पुराच्या भोंग्याच्या मंजुरीचा कागद त्यांच्या सहीशिवाय पुढे जात नसे, आणि सहीआधी त्या एखादी वायर उपटत. कार्यालयात पाठीमागे त्यांना ‘उंदीर मॅडम’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

त्या मे महिन्यात तुंगेकाठच्या बसवनकोप्पात पंचायतीच्या छपरावर भोंगा बसला. तीन मापकांपैकी सर्वांत मोठा आकडा धोक्याच्या रेषेवर गेला की तो वाजणार. चाचणीपुरती रेषा अर्ध्या मीटरवर आणून मापक पाण्याच्या तीन पिंपांत सोडले. भोंगा वाजला. वनजाक्षींनी पहिल्या मापकाची वायर उपटली. भोंगा गप्प.

“दोन पिंपं काठोकाठ आहेत की, मॅडम!” मापकांची राखण करणारा चन्नप्पा म्हणाला. “माझं घर नदीपासून तिसरं.”

“वायर तुटली, त्यात प्रोग्रॅमची काय चूक?” तो लिहिणारा इंजिनिअर मधुकेश म्हणाला.

“तुटलेल्या मापकाकडून आकडा येत नाही, ‘ही संख्या नाही’ अशी खूण येते. तू तिलाच आधी सर्वांत मोठी धरलीस. मग विचारलंस, दुसरा हिच्याहून मोठा का? नाही. तिसरा? नाही. ही रेषेच्या वर आहे का? नाही. तिच्याशी कशाचीही तुलना कर, उत्तर नाहीच.”

“मग ओळखायची कशी?”

“तिलाच विचार, ‘तू स्वतःएवढी तरी आहेस का?’ त्यालाही नाही म्हणते. खरी संख्या असं कधी म्हणत नाही.”

“माझा मेहुणा म्हणेल,” चन्नप्पा म्हणाला.

मधुकेशने अशी खूण बाजूला काढणारी ओळ घातली. भोंगा वाजला. त्याने कागद पुढे केला. वनजाक्षींनी उरलेल्या दोन्ही वायरी उपटल्या. पुन्हा शांतता.

“आता मोजायला काही उरलंच नाही, मॅडम.”

“मोठ्या पुरात तिन्ही एकदम वाहून जातात. काहीच कळत नसेल तर वाजू दे. आणि एक जरी मापक मुका झाला तरी चन्नप्पाला फोन जाऊ दे.”

मधुकेश पुन्हा प्रोग्रॅम बदलायला बसला. जेवणं लांबली. चारच्या सुमारास तिन्ही वायरी सुट्या असताना भोंगा कडाडला. चन्नप्पाची बायको गाठोडं घेऊन धावत आली.

“पाणी कुठंय?”

“पाणी नाही गं. काही कळत नाही म्हणून ओरडतोय.”

“म्हणजे तुमच्यासारखाच की!”

वनजाक्षींनी सही केली.