डेअरीनं नाकारलेलं दूध

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं चालेना म्हणून इथं लिहितेय.

शेजारच्या आक्का तांब्याभर दूध घेऊन आल्या. "पोरीला दे. गाईच्या सडाला सूज हाय, अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू हायत, म्हणून डेअरीवाला घेत न्हाई. एवढं दूध टाकून द्यायचं व्हय?"

आमच्या मांडवगणात दूध कुणी ओतून देत नाही. डेअरीनं नाकारलं की शेजाऱ्यांत वाटतात, तेही मायेनं.

मी म्हणाले, "आक्का, औषध दुधात उतरतं."

"मग चांगलं उकळ की."

उकळून ते सगळं जात नाही, आणि अशा थोड्या थोड्या औषधानंच जंतू निर्ढावतात, हे सांगून बघितलं. त्या हसल्या. माझ्या बाळंतपणात याच आक्कांनी मला न्हाऊ घातलंय.

दूध पातेल्यात घेतलं. तांब्या रिकामा परत देत नाहीत, म्हणून साखर घालून दिला. आक्का खूश झाल्या. "नातवाला देऊन उरलं की उद्या बी आणते."

पातेलं अजून तसंच आहे. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्याच दारावरून वाहतं, तिथं ओतलं तर त्यांना दिसेल.

माझं मी कुठंतरी ओतेन. त्यांच्या नातवाच्या पेल्याचं काय करू, सांगा.